गोडं, मचूळ, गढूळ

मे महिन्यातली दुपार होती. पेणच्या खारेपाटात, आत्याच्या ओट्यावर एका विक्रेत्या पोराने दोन ग्लास मांडले. एकात टँकरचं पाणी, दुसऱ्यात त्याने बरोबर आणलेलं ‘आरओ’चं. धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण त्याने दोन्ही ग्लासांत बुडवलं आणि पिन सॉकेटात खोचली. अर्ध्या मिनिटात टँकरच्या पाण्यात गंजासारखा तपकिरी गाळ फिरू लागला, वर मळकट फेस आला. दुसरा ग्लास होता तसाच. “काकी, हे तुम्ही रोज पिता.” आत्याने पदर तोंडाला लावला. मशीन त्याच आठवड्यात भिंतीवर चढलं, हप्त्याने.

हा खेळ गावोगाव चालतो, म्हणून त्याची फोड आधी करतो. कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज गाळ होऊन दिसतो. गाळ पाण्यातला नव्हे, कांडीचा. आरओच्या पाण्यात क्षार उरलेले नसतात, वीज धड वाहत नाही, म्हणून गाळ होत नाही. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोही तसाच तपकिरी होईल. आत्याला हे मी नंतर समजावलं. ती म्हणाली, “मग आधी का नाही आलास?”

माझं घर रोह्याला. पेण ते रोहा दिवा-रोहा गाडीने तासाभराच्या आतबाहेरचा प्रवास, मधे कासू आणि नागोठणे. पाऊस दोन्हीकडे सारखाच धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. दुकानांत टांगलेल्या मशिनीही त्याच. पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

रोह्याचं पाणी कुंडलिकेचं, आणि कुंडलिका ऐन उन्हाळ्यातही वाहते ती भिऱ्याच्या वीजघराच्या जिवावर. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि १९२७ पासून भिऱ्याचं वीजघर सुरू आहे. मुळा नदीचं हे पाणी खरं तर भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जायचं. ते सह्याद्रीवरून पश्चिमेला खाली सोडतात, वीज करतात आणि कुंडलिकेत सोडून देतात. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर आणि रोहेकरांचा चहाही त्याच पाण्यावर. काळ्या पाषाणावर पडलेलं, धरणात साठलेलं हे पावसाचं पाणी. त्यात विरघळण्याजोगे क्षार फार नसतातच. माझ्या नळाला टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवणारा मीटर लावला तर आकडा दोन अंकी येतो.

पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचंही पाणी असंच गोडं. ते सिडकोच्या नवी मुंबईला जातं, आणि धरणाच्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बाया वर्षानुवर्षं हंडे घेऊन मोर्चे काढतात. खारेपाट म्हणजे धरमतर खाडीच्या काठची, बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेली जमीन. बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी शेतात. विहीर खणा नाही तर बोअर मारा, लागतं ते मचूळ. शहापाड्याचं धरण उन्हाळ्यात तळ गाठतं, मग टँकर. आमच्याकडे पाण्याला तीन शब्द पुरतात: गोडं, मचूळ आणि गढूळ. पाणी शुद्ध करायचं यंत्र घेताना हेच तीन शब्द आधी आठवायला हवेत, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही. विक्रेता विचारतो, “फॅमिलीत किती जण?”

यातली खरी गंमत आता सांगतो. आरओ जन्माला आलं ते समुद्राच्या पाण्यासाठी. १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खारं पाणी दाबाने ढकलून गोडं करणारा पडदा बनवला. क्षार काढणं हे त्याचं मूळ काम. बाकी सगळं त्याबरोबर आपसूक येतं. म्हणजे त्याची जागा खारेपाटातल्या मचूळ बोअरवर, रोह्याच्या नळावर नाही. पण आरओला पाणी फेकावं लागतं. घरगुती मशीन साधारणपणे एक लिटर देताना तीन लिटरच्या आसपास मोरीत सोडतं. घराला रोज दहा लिटर पिण्याचं पाणी लागलं तर तीस लिटर गेलं. वर्षाचे जवळजवळ अकरा हजार लिटर, म्हणजे एक आख्खा टँकर. जिथे पाणी मुबलक, तिथे क्षार नाहीत. जिथे क्षार आहेत, तिथे फेकायला पाणी नाही. आत्याकडे तर त्याहून पुढची तऱ्हा. ती बोअरचं पाणी भांड्यांना आणि म्हशीला वापरते. पिण्याचं येतं टँकरने नाही तर नळाने, आणि ते मुळातच गोडं. म्हणजे मशीन गोड्या पाण्यालाच गोडं करत होतं आणि त्यासाठी तीनपट गोडं पाणी मोरीत सोडत होतं.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं की जिथे हा आकडा ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला आणि इतर ठिकाणी वाया जाणारं पाणी कमी करायला लावा. पुढे उत्पादक न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये केंद्राचे नियमही निघाले. पेणच्या बाजारपेठेत मी चार दुकानं फिरलो, तेव्हा ५०० हा आकडा एकाही दुकानदाराने आपणहून काढला नाही. एकाने मीटर काढून दाखवला मात्र, आणि नळाचा दोन अंकी आकडा बघून म्हणाला, “हे आम्ही आठ-दहावर आणून देऊ.” जणू शून्य म्हणजे पैकीच्या पैकी गुण.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, बास. त्याला जंतू दिसत नाहीत, काविळीचा विषाणू दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही. गटारात बुडालेल्या फुटक्या नळातून आलेल्या पाण्यालाही तो ऐंशी दाखवेल आणि आपण खुश होऊ. आणि घरात माणसं आजारी पडतात ती जंतूंनीच.

आमच्याकडे त्यांचा मोसम ठरलेला. मृगाचा पहिला सपाटा आला की नदीचं पाणी चहासारखं होतं. शाडूच्या मातीत हात घातलेल्या पेणच्या मूर्तिकाराला विचारा, बारीक माती पाण्यात किती वेळ तरंगत राहते. गढूळ पाण्यात क्लोरिन लवकर खर्ची पडतं आणि जंतूंना मातीच्या कणांचा आडोसा मिळतो. त्यात नळ दिवसातून तास-दोन तास. पाणी बंद झालं की नळात दाब राहत नाही आणि बाहेरचं पाणी गळक्या सांध्यांतून आत ओढलं जातं. म्हणून नळ आल्या-आल्याचं पहिलं पाणी झाडांना घालायचं, हा जुन्या बायकांचा नियम मी कुठल्याही फिल्टरच्या आधी मोजतो. आणि शेवटची जागा म्हणजे घरातलं पिंप. टँकर गावात चांगलं पाणी आणतो, आपण ते पिंपात भरतो आणि मग त्यात तांब्यासकट मनगट बुडवतो. दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ, एवढ्याने जे साधतं ते कित्येक मशिनींनी साधत नाही.

आता उपाय एकेक करून पाहू. सगळ्यात जुना म्हणजे निवळवणं. हा शब्दच निवळीच्या झाडाजवळचा. तिची बी उगाळून मडक्याला आतून लावायची, गाळ खाली बसायचा. तुरटी तेच काम करते. तुरटीचा खडा पाण्यात दोन-चारदा फिरवा, तासभर हात लावू नका, आणि वरचं पाणी अलगद ओता. यातून पाणी स्वच्छ दिसतं, निर्जंतुक होत नाही. पण पुढच्या प्रत्येक उपायाचं काम सोपं होतं. फडक्यालाही हसू नये. बांगलादेशात मतलब भागात रीटा कोलवेल यांच्या चमूने जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडचा नारू हटवण्यात गाळण्याचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

उकळणं बिनचूक. खळखळून उकळी फुटली की जंतू, विषाणू सगळे गेले. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही, उकळी आल्यावर एखादं मिनिट पुष्कळ. खर्चाचा हिशेब मी मांडला आहे. दहा लिटर पाण्याला साधारण ११० ग्रॅम गॅस, म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन सिलिंडर. वाटतो तितका महाग नाही. लोक कंटाळतात ते गॅसला नव्हे, पाणी गार व्हायची वाट बघण्याला.

क्लोरिन हा सरकारी उपाय म्हणून त्याला मान नाही. गावात आशाताई मेडिक्लोरची बाटली देऊन जाते, ती फळीवर पडून राहते. कारण एकच, वास. पण सगळ्या उपायांत हा एकच असा की जो पाणी पिंपात गेल्यावरही पहारा देतो. बाटलीवर लिहिलेले थेंब घालायचे, अर्धा तास थांबायचं, आधी तुरटीने निवळून घेतलं तर उत्तम. विहिरीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. यात कोकणाची एक खोड अशी की दमट हवेत उघडं पोतं काही आठवड्यांत मरतं. पावडर दिसायला पांढरी राहते, ताकद गेलेली असते. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पोतं दिसलं की विहिरीत काय पडतंय ते समजावं. राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीवरून हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतात. मुलीसाठी स्थळ बघताना ते कार्ड विचारावं, असं मी गमतीने म्हणतो, पण पूर्ण गमतीनेही नाही.

मग दुकानातल्या वस्तू. मातीची कॅन्डल गाळ आणि बहुतेक जिवाणू अडवते, विषाणू नाही. वीज लागत नाही, दर आठवड्याला घासावी लागते. २००९ मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’मध्ये भाताच्या तुसाची राख होती, ती कल्पना पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्राच्या ‘सुजल’मधून पुढे आलेली. पोह्यांच्या आणि भाताच्या मुलखात तूस ढिगाने निघतो, तेव्हा ही कल्पना आपल्या मातीतलीच वाटते. यूएफची पोकळ धाग्यांची जाळी जिवाणूंना पुरी पडते, दाब कमी असला तरी चालते. सगळ्यात छोट्या विषाणूंची हमी तिच्यावर टाकू नये. यूव्ही म्हणजे दिव्याने जंतू मारणं. १९८४ मध्ये ॲक्वागार्ड आलं तेव्हापासून मराठी घरांत ‘ॲक्वागार्ड’ हे मशिनीचं सामान्यनामच झालं. यूव्ही विषाणूंनाही मारतं, क्षारांना हात लावत नाही, पाणी फेकत नाही. अटी दोन. पाणी नितळ हवं; गढुळात किरण पोचत नाहीत. आणि वीज हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. भिंतीवरच्या सगळ्या मशिनी मुक्या. त्या दिवसांत चूल, तुरटी आणि फळीवरची ती मेडिक्लोर.

माझं मत सरळ आहे. पेण शहर, रोहा, आणि खारेपाटातही नळाचं किंवा टँकरचं पाणी पिणारी घरं, यांना गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही किंवा यूएफ पुरे. तेही परवडत नसेल तर तुरटी, उकळी आणि तोटीचा माठ. आरओ फक्त तिथे, जिथे पिण्याचं पाणीच बोअरचं आहे आणि चव मचूळ आहे. फेकलं जाणारं पाणी बादलीत धरून लादीला, संडासाला वापरायचं. खारट असल्यामुळे झाडांना रोज नको.

रोह्यात यावर एक आक्षेप हमखास येतो: धाटावचं काय? तिथले रासायनिक कारखाने उशाला आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आहे, आणि खालच्या अंगाच्या मच्छीमारांना ते यादीवाचून कळतं. या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. पण तिच्यावर डोळे झाकून घेतलेलं आरओ हा तोडगा नाही. जड धातूंना पडदा अडवतो खरा. पण सॉल्व्हंटसारखे काही लहान रेणू पडद्यातूनही निसटतात, आणि वासाच्या सेंद्रिय रसायनांना पकडायचं काम मुख्यतः कार्बनचं. घराजवळच्या विहिरीचा संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा, जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला सोय आहे. जंतूंची शंका असेल तर एचटूएसची छोटी बाटली मिळते. पाणी भरून उबेत ठेवायची, दीड-दोन दिवसांत काळी पडली तर मैलापाणी मिसळलं आहे असं समजायचं. ही चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी काढली, आणि आज जगभर वापरतात.

घेणं एक दिवसाचं, निगा रोजची. सर्व्हिसवाला पोरगा गेल्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे आला, पाना लावून पांढरं हाउसिंग उघडलं आणि आतला स्पन, म्हणजे गाळाचा फिल्टर, बाहेर काढला. जूनच्या सुरुवातीला दुधासारखा पांढरा घातलेला. आता गुळाच्या ढेपेसारखा, वर बोट फिरवलं तर चिकट थर. तो म्हणाला, “काका, कंपनी सहा महिने सांगते, पण ते कोकणात नाय चालत.” पावसाळ्यात स्पन दीड-दोन महिन्यांनी, हे त्याचं वेळापत्रक मी मानतो. स्पन सगळ्यात स्वस्त भाग, आणि तो चुकला की कार्बन, पंप, मेम्ब्रेन (आरओचा पडदा) अशी रांगेने बिलं येतात.

दुसरी गोष्ट सर्व्हिसवाले सांगत नाहीत. ग्रामपंचायतीकडे क्लोरिन तपासायला ओटीचं द्रावण असतं, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. नळाचं पाणी पिवळं झालं आणि मशिनीतून आलेलं झालं नाही, तर क्लोरिन काढणारा कार्बन जिवंत आहे. दोन्हीकडे पिवळं आलं तर कार्बन संपला, आणि आरओ असेल तर मेम्ब्रेन आता क्लोरिनने जळणार. कॅलेंडरवरच्या तारखेपेक्षा हा पिवळा रंग खरा. आरओ ज्यांच्याकडे आहेच त्यांनी महिन्यातून एकदा आतला आणि बाहेरचा टीडीएस वहीत लिहावा. बाहेरचा आतल्याच्या दहा टक्क्यांजवळ असायला हवा, चौथाईवर गेला की मेम्ब्रेन गेलं. यूव्हीचा निळा दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतो असं नाही. आठ-नऊ हजार तासांनी उजेड राहतो, मारायची ताकद जाते. आणि मशिनीची टाकी. कार्बनने क्लोरिन काढल्यावर त्या टाकीतल्या पाण्याला कोणी राखणदार नाही. ती वर्षातून दोन-तीनदा उघडून धुतली नाही तर आत बुळबुळीत थर धरतो, म्हणजे नळाहून वाईट पाणी आपण ‘प्युअर’ म्हणून पितो.

बंद घरांचा प्रश्न खास आपला. रोहा, पेणच्या गावांत पुष्कळ घरं मुंबईकरांची. मे महिन्यात उघडतात, मग गणपतीला. मधले तीन महिने मशीन भरल्या पाण्याने बंद. गणपतीच्या आदल्या रात्री चाकरमानी येतो, बटण दाबतो आणि पहिला ग्लास पोराला देतो. असं घर असेल तर विजेचं मशीन घेऊच नये. कॅन्डलचा फिल्टर जाताना धुवून, वाळवून, उपडा ठेवावा. मशीन असेलच तर जाताना टाकी रिकामी करावी आणि आल्यावर सगळे फिल्टर बदलून दोन टाक्या पाणी मोरीत सोडावं, मगच प्यावं.

एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची, पावती घेताना त्यात कुठले भाग येतात ते वाचावं. आत्याच्या पावतीत ‘सर्व्हिस’ होती, फिल्टर नव्हते. पोरगा वर्षातून तीनदा यायचा, फडक्याने बाहेरून पुसायचा आणि सही घेऊन जायचा. त्याला मी गेल्या दिवाळीत सांगितलं की मेम्ब्रेन काढून टाक आणि नळी सरळ यूएफ-यूव्हीला जोड. आधी तो नाही म्हणाला, मग वॉरंटी जाईल म्हणाला. वॉरंटी संपून वर्ष झालं होतं. शेवटी दहा मिनिटांत केलं त्याने. मोरीतली बारीक धार बंद झाली. आत्याने ती नळी काढून फेकू दिली नाही, गुंडाळून खिळ्याला अडकवून ठेवली आहे. म्हणते, बोअरवर मशीन लावायची वेळ आलीच तर लागेल.